इतर औषधे

प्रश्न ४. अंगावरील दागिने : अंगठी, एक. निघत नाही.

रसिका सिस्टरने अंगठीखाली पातळ पट्टी सरकवली आणि वरची बारीक चकती किल्लीने फिरवायला घेतली. करकर आवाज येऊ लागला. चांदी मऊ, तरी वेळ लागत होता, कारण नाथाचं बोट अंगठीच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आलं होतं आणि अंगठी मध्ये रुतून बसली होती, मिठाच्या पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तशी.

"मावशी, मनगट धरा जरा. ते हलत नाहीयेत, पण धरा."

जिजाबाईने मनगट धरलं. गार होतं, ताणलेलं, मळून ठेवलेल्या पिठासारखं. तिचा अंगठा जिथे टेकला तिथे खळगा पडला. तिने अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

काल सकाळी ऑपरेशनला जाताना याच हाताने नाथाने चष्मा काढून तिच्याकडे दिला होता. तेव्हा हा हाडांचा हात होता. पेरं सुजकी, गाठी आलेली, पण चाळीस वर्षांच्या ओळखीची. त्या गाठींमुळेच अंगठी निघत नव्हती. सिस्टरनी साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, शेवटी वरून चिकटपट्टी मारली आणि फॉर्मवर तसं लिहून टाकलं. आज गाठीच दिसत नव्हत्या. चेहऱ्याचंही तेच झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन फटी, नळीभोवती जाड झालेले ओठ, उजव्या भुवईवरची जुनी खोक कुठे बुजून गेली कोण जाणे. पलंगावरचा हा माणूस नाथा आहे हे अंगठी होती म्हणून कळत होतं.

टक् झालं आणि अंगठी तुटली.

सिस्टरने ती प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि वर पेनाने बेडचा नंबर लिहिला.

"जपून ठेवा. सोनार जोडून देतो."

"व्हय."

आता ही बाई रडेल असं सिस्टरला वाटलं असावं. तिने पेटीतून एक कागदी रुमाल ओढून पुढे केला. जिजाबाईने तो घेतला, चारी कोपरे आत घेतले, मध्ये दुमडला, उरलेलं टोक फटीत खोचलं आणि ती चपटी चौकोनी घडी कमरेला लावली. हे सगळं तिच्या बोटांनी केलं. ती स्वतः वरच्या पडद्यावरचे आकडे बघत होती. त्रेसष्ट. एकसष्ट. त्रेसष्ट. त्यातला कुठला आकडा चांगला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

प्रश्न १. रुग्णाचे नाव, वय, पत्ता, व्यवसाय.

नाथा. त्रेसष्ट. राई गाव, भाईंदर पश्चिम. व्यवसायाच्या रकान्यात भाविकाने 'निवृत्त' लिहिलं होतं. त्या एका शब्दाच्या पोटात किती काय होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून मिठागरात पाय. मिठागर मिटलं तेव्हा ओसाड पडलेली जमीन. मग वीस वर्षं पाण्याच्या टाकीवरची नोकरी, लोखंडी चाव्या फिरवून एकेका वस्तीला पाणी सोडायची. हातांच्या गाठी मिठागराच्या की चाव्यांच्या, हा वाद नवरा-बायकोत कधीच मिटला नाही.

बाहेरच्या हॉलमध्ये भाविका मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. जिजाबाईची ही एकुलती एक मुलगी. कंपनीने दोन दिवस सुट्टी दिली होती, तिसऱ्या दिवशी 'जमेल तेवढं बघ' म्हणून फोन आला होता.

"कसे आहेत?"

"अंगठी कापली."

"आई, मी पप्पांचं विचारतेय."

"सुजलेत." जिजाबाई खाली फरशीवर मांडी घालून बसली. खुर्च्या पत्र्याच्या होत्या आणि वरून एसीचा झोत यायचा.

पलीकडच्या खुर्चीवर भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक भागातली एक गुजराती बेन होती. तिच्या भावाची झडप बदलली होती. दोन दिवस ती रडत होती आणि मधूनमधून थेपले वाटत होती.

"आंटी, ऊपर बैठो ने. नीचे से उठने में घुटना पकड़ेगा."

"नहीं पकड़ता."

"मेरा तो पकड़ता है. आपका लकी है." बेनने थेपला पुढे केला. "एक बात पूछूँ? आप रोते नहीं. मैं देख रही हूँ कल से. मेरी भाभी भी नहीं रोती, पर वो तो मोबाइल देखती है."

जिजाबाईने थेपला खाल्ला. तो तिखट आहे की गोड, तेही कळलं नाही.

"आपके वो क्या करते थे?"

"पहले मिठागर. फिर पानी."

"पानी?"

"टाकी का. चावी घुमाते थे."

"अरे! हमारी बिल्डिंग में तो आता ही नहीं पानी!" बेन डोळे पुसता पुसता हसली. "उठ जाएँ तो पूछना हाँ, इंद्रलोक से क्या दुश्मनी थी."

भाविका खुदकन हसली. जिजाबाई उठली आणि हात धुवायला गेली. उठताना तिने कशाचाच आधार घेतला नाही.

"आई," भाविकाने मागून हाक मारली. "तुझे गुडघे बरे झाले का गं?"

जिजाबाईला ऐकू गेलं होतं. ती तशीच पुढे गेली.

प्रश्न ९. इतर औषधे (आयुर्वेदिक, घरगुती इ.) : नाही.

हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी लिहिलं गेलं. भाविका इंग्रजीतले प्रश्न मराठीत विचारत होती, नाथा चाकाच्या खुर्चीत होता आणि जिजाबाई त्याच्या मागे उभी होती.

"नऊ नंबर. अजून काही घेता का पप्पा? काढा, चूर्ण, काहीही."

नाथाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"काय न्हाय," मागून जिजाबाई म्हणाली.

आणि सोमवारी ते अगदी खरं होतं.

आता ही गोष्ट थोडी मागे न्यायला हवी. फार नाही, ऑपरेशनच्या आधी सोळा दिवस.

खाडीपलीकडच्या एका गावात धाकू नावाचा माणूस सांधेदुखीच्या पुड्या देत असे. तो वैद्य नव्हता, डॉक्टरही नव्हता. पूर्वी पापलेटं विकायचा. ओटीवर एक टेबल, टेबलावर पत्र्याचा डबा, आणि चौकटीच्या वहीच्या कागदात बांधलेल्या तीस पुड्यांचा गठ्ठा. रोज एक, सकाळी, कोमट पाण्यातून. पुडीत काय आहे असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "गुन हाय." आठ वर्षांपूर्वी जिजाबाईने पहिला गठ्ठा आणला तेव्हा नाथाला चहाचा कप धरता येत नव्हता. चौथ्या दिवशी तो टाकीवर कामाला गेला. त्यानंतर दर महिन्याला ती जाऊन गठ्ठा आणायची. पाऊस असो, लग्न असो, गटारी असो.

हृदयाच्या नळ्या तुंबल्याचं कळलं तेव्हा तपासणीच्या खोलीतला तरुण डॉक्टर, जो सगळ्यांना एकच वाक्य एकाच सुरात सांगत होता, त्याने यांनाही सांगितलं : बाहेरचं काही घेत असाल तर आजपासून बंद, पुड्या, काढे, भस्म, सगळं बंद.

परतताना रिक्षात नाथा म्हणाला, "धाकूचा नाव काढू नको गो."

"डाक्टर बोलला बंद करा."

"पुडी बंद केली तर मी उठनार कसा? आनि सांगितला तर ऑपरेशन कॅन्सल करतील. मंग बस बोंबलत."

जिजाबाई रस्त्याकडे बघत राहिली. सांगायचं नाही, असं नवरा म्हणतो. द्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणतो. दोघांचंही मन राखणारी वाट तिला घरी पोचेपर्यंत सापडली.

दुपारी नाथा झोपल्यावर तिने उरलेल्या चोवीस पुड्या ओट्यावर मांडल्या. एकेक उलगडायची, आतली राखट पूड कुंकवाच्या जुन्या स्टीलच्या डबीत झटकायची, त्याच कागदात सुंठ आणि कडवटपणासाठी नखभर किराईत भरायचं, आणि कागद धाकूच्याच घडीवर परत दुमडायचा. चारी कोपरे आत, मध्ये दुमड, टोक फटीत. पहिल्या तीन-चार नीट जमल्या नाहीत. नंतर बोटं शिकली. चोवीसच्या चोवीस झाल्यावर तिने गठ्ठ्याला तसाच दोरा बांधला आणि जागच्या जागी ठेवला.

डबी मात्र...

डबी तिने मोरीत रिकामी करायला नेली होती. नळही सोडला होता. मग खाली अंगणात वाळत घातलेले कपडे आठवले. त्यांच्या घराचा दादर तेवीस पायऱ्यांचा. खाली भाडेकरू, वर हे दोघं. तिचा उजवा गुडघा सहा वर्षं त्या तेवीस पायऱ्या मोजत होता. पुड्या ती आणायची, त्या पुडीने माणूस कसा उभा राहतो हे रोज बघायची, पण स्वतः कधी घेतली नाही. पुडी यांची. तिच्या गुडघ्याला राईचं तेल.

तिने नळ बंद केला. चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली.

तिसऱ्या दिवशी ती न थांबता वर गेली. पाचव्या दिवशी कठडा न धरता. आठव्या दिवशी तिने माळ्यावरचे पितळेचे हंडे काढून चिंचेने घासले, उगाचच. भूक लागू लागली. काहीच दुखत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून असं काहीच न दुखणारं अंग तिला आठवत नव्हतं, आणि एवढं मोकळं अंग घेऊन करायचं काय हेही कळत नव्हतं.

नाथा मात्र खाली खाली जात होता. जेवण नको, मळमळ, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. "हार्टचं आहे पप्पा, ऑपरेशन झालं की बरं वाटेल," भाविका म्हणायची. जिजाबाईलाही तसंच वाटलं. अगदी मनापासून वाटलं. सकाळी ती त्याला सुंठीची पुडी द्यायची, कोमट पाणी द्यायची, तो तोंड वर करून पूड जिभेवर घ्यायचा, घटकाभर तसाच थांबायचा आणि गिळायचा. मग ती आत जाऊन डबी उघडायची.

एका घरात एकाचं अंग जड होत गेलं आणि एकीचं हलकं.

प्रश्न ९. इतर औषधे.

बाराच्या सुमाराला आयसीयूच्या डॉक्टर सुचेता बाहेर आल्या आणि दोघींना बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या. खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर हृदयाचं चित्र. त्यांच्या हातात तोच फॉर्म होता.

"मी सरळ सांगते. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात. तेवढा वेळ रक्त नळ्यांतून बाहेर काढून मशीनमध्ये फिरवतात आणि परत आत सोडतात. हे सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो," भाविका म्हणाली.

"रक्ताला त्या प्लास्टिकच्या नळ्या ओळखीच्या नसतात. शरीराला वाटतं, कोणी शत्रू घुसला. मग अंगातले सगळे पहारेकरी एकदम धावत सुटतात. शत्रू तर कुठेच नसतो. मग ते आपल्याच घराची मोडतोड करतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं. ही सूज त्याची आहे. थोडंफार सगळ्यांचंच होतं आणि दिवसाभरात ओसरायला लागतं. यांचं वाढतंय. प्रेशर धरत नाहीये. प्रेशरची दोन औषधं जोरात चालू आहेत, तिसरं लावलंय."

जिजाबाईला चित्रातलं हृदय दिसत नव्हतं. तिला मिठागराचा बांध दिसत होता. उधाणाच्या भरतीला कोणीतरी ओरडायचं, खांड पडली, बांध फुटला. सगळं गाव फावडी घेऊन धावायचं. खांड बुजवायला चिखल लागायचा, तो घाईघाईत शेजारच्या धड बांधाचा उकरायचे, आणि एक खांड बुजेपर्यंत दुसरी पडायची. म्हणून नाथाचा बाप काठी घेऊन मधोमध उभा असायचा. तो कधी फावडं धरत नसे. त्याचं काम एकच होतं. पुरे, असं ओरडायचं.

"हे सगळं थांबवायला शरीर स्वतःच एक औषध बनवतं," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं ते बनत नाहीये अशी मला शंका आहे. असं कधी होतं, तर माणूस वर्षानुवर्षं बाहेरून स्टिरॉइड घेत असेल तर. शरीर म्हणतं, आयतं मिळतंय, मी कशाला बनवू. आणि मग ते बाहेरचं एकदम बंद झालं की..." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "पण इथे 'नाही' लिहिलंय. दम्यासाठी, सांध्यांसाठी, कधी काही? नीट आठवा. कारण हे इन्फेक्शनही असू शकतं, आणि तसं असेल तर स्टिरॉइड उलटं पडेल. मला अंदाजाने द्यायचं नाहीये. रिपोर्ट संध्याकाळी येतील. तोपर्यंत वेळ आहे असं मी म्हणणार नाही."

"नाही मॅडम," भाविका म्हणाली. "पप्पा साधी डोकेदुखीची गोळीपण घेत नाहीत. त्यांचा गोळ्यांवर विश्वासच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि फॉर्म उचलला. खुर्ची मागे सरकली.

जिजाबाई बोलली ते असं बोलली :

"घेत व्हते."

हे वाक्य सोपं निघालं. नवऱ्याचा शब्द मोडला, पण बजावणारा शुद्धीवर नव्हता.

"पुडी. रोज. आठ वर्सां."

हेही निघालं.

"आई?" भाविका म्हणाली.

"किती दिवसांपूर्वीपर्यंत?" डॉक्टर पुन्हा खाली बसल्या.

"सतरा दिवस झाले बंद हाय."

"अचानक? कोणी बंद केलं? त्यांनी?"

इथे खोलीतल्या एसीचा आवाज तिला ऐकू यायला लागला. तो आधीपासूनच येत असणार.

"मी. त्यांना माहीत न्हाय. सुंठ भरून दिली." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "डाक्टर बोल्ले व्हते. बाहेरचा सगला बंद करा."

डॉक्टरांनी फॉर्मवरचं 'नाही' खोडलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आम्हीच सांगितलं होतं."

मग त्या उठल्या. "ती पुडी एखादी राहिलीय का घरी? तपासायला पाठवते. मी त्यासाठी थांबत नाहीये, इंजेक्शन आत्ताच देते. पण असली तर बरं."

जिजाबाईने पर्स उघडली. पर्समध्ये तुटकी अंगठी, चष्मा, थेपल्याचा कागद आणि कुंकवाची जुनी स्टीलची डबी. तिने डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं आणि त्या जवळजवळ धावतच निघून गेल्या.

तळाला थोडीशीच पूड होती. चोवीसातून सतरा गेल्यावर जेवढी उरेल तेवढी. पण हा हिशेब मांडायला त्या खोलीत कोणाला सवड नव्हती.

भाविका आईकडे वळली.

"मी विचारलं होतं तुला. नऊ नंबर. तुझ्यासमोर विचारलं होतं."

"तू विचारला, घेतात का. तवा घेत नव्हते."

"वा!" भाविका म्हणाली. "वकील व्हायला पाहिजे होतीस तू." तिने लॅपटॉपची बॅग उगाचच उघडली, बंद केली. "आणि ती डबी? ती पर्समध्ये घेऊन कशाला फिरत होतीस?"

"टाकवली न्हाय," जिजाबाई म्हणाली.

हेही खरंच होतं. तिची सगळी उत्तरं खरीच होती.

प्रश्न ६. वेदना, शून्य ते दहा.

साडेचारला रसिका सिस्टर दाराशी आली आणि तिने लांबूनच अंगठा वर केला. प्रेशर धरायला लागलं होतं. तिसरं औषध काढलं होतं. इंद्रलोकची बेन सगळ्या हॉलच्या वतीने रडली आणि तिने भाविकाला मिठी मारली. कोणीतरी चहा आणला. जिजाबाईने कप तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. तेव्हा भाविका किंचाळली, "आई, अगं उकळता आहे तो!" जिजाबाईने जिभेने टाळूला चाचपून पाहिलं. टाळू सोलवटली होती. दुसऱ्याच कोणाची सोलवटली असावी तशी.

गुरुवारी सूज उतरायला लागली. आधी भुवईवरची खोक दिसली, मग पापण्या, मग बोटांच्या गाठी एकेक करून वर आल्या, ओहोटीला खडक उघडे पडावेत तशा. शुक्रवारी घशातली नळी निघाली.

शुक्रवारीच सकाळी जिजाबाई फरशीवरून उठायला गेली आणि उठता आलं नाही. बेन जागेवर नव्हती, भाविका आंघोळीला घरी गेली होती. तिने पत्र्याच्या खुर्चीचा पाय धरला, मग बैठक, मग पाठ, आणि अशी टप्प्याटप्प्याने उभी राहिली. गुडघ्यात सहा वर्षांचं दुखणं आपल्या जागी येऊन बसलं होतं. थोडं रागावलेलं. मधले दिवस त्याला घराबाहेर काढल्यासारखं.

ती तिथेच उभी राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

प्रश्न ११. माहिती देणाऱ्याचे नाव व रुग्णाशी नाते.

रविवारी नाथाला साध्या वॉर्डात आणलं. छातीवर पट्टी, कुशीत उशी, खोकताना ती छातीशी घट्ट धरायची. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती आणि ती भरून वाहत होती. नाथा मघापासून तिकडेच बघत होता.

"व्हॉल कोनी उघडा टाकलाय," तो म्हणाला. आवाज घोगरा, नळीने खरवडलेला.

"टाकू द्या. तुमी निवृत्त."

भाविका औषधं आणायला खाली गेली होती. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्याही होत्या. डॉक्टर सुचेतांनी सकाळी येऊन समजावलं होतं : ही गोळी रोज, वेळेवर, आणि आम्ही सांगू तशी हळूहळू कमी, एकदम बंद कधीच नाही. बोलताना त्या जिजाबाईकडे नव्हे, नाथाकडे बघत होत्या. पुडीचं सगळं त्यांनी त्याला थोडक्यात सांगितलं होतं. कोणी बंद केली, ते सांगितलं नव्हतं. ते घरातलं आहे असं त्यांना वाटलं असावं.

जिजाबाईने सफरचंद कापून बशी त्याच्या हाताशी ठेवली. त्याने एक फोड उचलली. करंगळीशेजारच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.

"अंगठी हाय माझ्याकडे," ती म्हणाली. "जोडून घेऊ."

"व्हय."

तो फोड चघळत राहिला. वॉर्डातल्या दुसऱ्या पलंगावर कोणीतरी मोबाइलवर भजन लावलं होतं आणि सिस्टर त्याला आवाज कमी करायला सांगत होती.

"सुंठ व्हती," नाथा म्हणाला.

जिजाबाई सुरी पुसत होती. ती पुसत राहिली.

"आनि किराईत. धाकू किराईत न्हाय घालत."

"कवा कलला?"

"पयल्याच दिवशी. आठ वर्सां खाल्ली, जीभ हाय का खापर?"

तिने सुरी कागदात गुंडाळली. चारी कोपरे आत, मध्ये दुमड. मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं आणि तिने कागद सोडून दिला.

"मंग बोललात का न्हाय?"

नाथाला खोकला आला. त्याने उशी छातीशी धरली, डोळे मिटून दोनदा खोकला आणि श्वास परत जागेवर यायची वाट बघितली. समोरची टाकी अजून वाहत होती.

"तू दादर चढत व्हतीस," तो म्हणाला. "कठडा न धरता."

बाहेरच्या पॅसेजमधून जेवणाची गाडी खडखडत गेली.

"मी झोपून ऐकायचू," नाथा म्हणाला. "तुझी पावलां. मदी थांबत नव्हती."

जिजाबाई उठली. पाण्याचा जग रिकामा होता, तो भरून आणायचा होता. जग खरोखरच रिकामा होता. ती उभी राहिली तसा गुडघा कळवळला आणि तिचा हात पलंगाच्या दांडीवर गेला. दांडी धरूनच ती थांबली. पाऊल पुढे पडेना.

नाथाने उशी एका हाताने छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने चादर ओढत पाय हळूहळू भिंतीकडे सरकवले. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

"दुखतय?" त्याने विचारलं.

जग तिच्या हातात होता. ती बसली. जग मांडीवर घेतला, त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"व्हय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने परत, "व्हय."